आमच्या इराला जंत आहेत

केतकीचा फोन आला तेव्हा मी बसच्या वरच्या मजल्यावर बसले होते, मांडीवर मेथीची पिशवी. दुपारची वेळ, बसमध्ये शाळेतली पोरं दंगा करत होती आणि मला धड ऐकू येत नव्हतं. "अलकामावशी, आई नाहीये आता," ती म्हणाली. "सकाळी शेजारच्यांनी अँब्युलन्स बोलावला, पण तिचा हार्ट... मी ब्रिस्टलहून निघाले आहे. तू जाशील का हॉस्पिटलला? ती एकटी आहे तिथे." मी 'हो' म्हटलं आणि भलत्याच स्टॉपवर उतरले. माझी मैत्रीण नलिनी गेली होती आणि तिची मुलगी मला सांगत होती की ती एकटी आहे. नलू आणि एकटी? या बाईच्या घरात मी कधी रिकामी खुर्ची पाहिली नव्हती.

त्याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य म्हणत होता : "त्यांना काहीच त्रास नव्हता हो!" आणि मला आतून चीड येत होती. येणाऱ्यांचा दोष नव्हता, ते बिचारे मनापासून बोलत होते. पण 'काहीच त्रास नाही' या तीन शब्दांशी नलूने जन्मभर भांडण मांडलं होतं. मूल हसतंय, खेळतंय, ताट स्वच्छ करतंय, म्हणजे सगळं ठीक, असं कुणी म्हटलं की ही चष्मा नाकावर ओढायची आणि "बघू या" म्हणायची. त्या 'बघू या'ने तिला काय काय दिलं आणि तिच्यापासून काय हिरावून घेतलं, ते मी जवळून पाहिलं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

ती हेल्थ व्हिजिटर होती. इथे राहणाऱ्यांना माहीत आहे : बाळ झालं की थोड्या दिवसांनी दारावर टकटक होते आणि एक नर्स वजनकाटा घेऊन घरात शिरते, मूल पाच वर्षांचं होईपर्यंत तिचं लक्ष असतं. माझा समीर तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा. लंडनच्या इल्फर्डमधला आमचा तो दीड खोलीचा फ्लॅट, नवरा दिवसभर कामावर, आणि समीर झोपेत कराकरा दात खायचा. इचलकरंजीहून आईने फोनवर निदान करून टाकलं : पोटात जंत झालेत, वावडिंग उकळून पाज. वावडिंगाची पुडी मी येतानाच आणली होती. गॅसवर पातेलं उकळत होतं आणि दारात ही उभी. लांब कोट, एकदम इंग्रजी थाटात "मे आय कम इन?" आत आली, नाक वर केलं, हवा हुंगली आणि मराठीत म्हणाली, "वावडिंग ना हे?" मला रडूच कोसळलं. इल्फर्डमध्ये कुणी तरी वावडिंग ओळखलं होतं! हिने कोट काढला, मला खुर्चीत बसवलं आणि स्वतःच चहा टाकला. मग समजावलं, की दात खाण्याचा जंतांशी काही संबंध नाही. "आणि खरे जंत असतात ना, ती पोरं बहुतेक वेळा काहीच सांगत नाहीत, अलका. जेवतात, नाचतात, मस्त झोपतात. त्यांना कुठे काय होतंय? म्हणून तर घरभर पसरतात." मी म्हटलं, मग कळायचं कसं? "बघायचं," ती म्हणाली, "आणि लाजायचं नाही." मूळची सांगलीची, म्हणजे माझ्या बाजूचीच. त्या दिवसापासून आमचं 'अगं तुगं' सुरू झालं ते शेवटपर्यंत.

तिच्या हाताखालून किती पोरं गेली असतील, देव जाणे. दुकानात गेलो की दाढीवाले बाप्ये येऊन सांगायचे, तुम्ही माझं वजन करायचात. नलू खूश व्हायची. शेजारी उभी असलेली केतकी मात्र तेव्हाही खूश दिसायची नाही. तिचे यजमान, श्रीकांतभावजी, लवकर गेले. नलू नोकरी करून एकटीने पोर वाढवत होती आणि संध्याकाळी घरी आली तरी फोन वाजतच असायचा : कुणाचं बाळ दूध घेत नाही, कुणाला ताप. केतकी जेवणाच्या टेबलावर वाट बघत बसायची. पोरगी हुशार, पुढे इंजिनियर झाली, ब्रिस्टलला विमानांच्या इंजिनांचं काम करते, तिथेच संसार मांडला. आईशी भांडण असं नव्हतं, पण जवळीकही नव्हती. फोनवर हवापाण्याच्या गप्पा. मग इरा झाली आणि सगळं बदललं. केतकीला कामासाठी सारखं फिरावं लागायचं, म्हणून महिन्यातला एक आठवडा इरा आजीकडे इल्फर्डला राहायला लागली. नलू जणू नव्याने आई झाली. केतकीही येताना-जाताना थांबायची, स्वयंपाकघरात आईच्या शेजारी उभी राहून पोळ्या लाटायची. "माझी लेक मला परत मिळाली गं," नलू एकदा मला म्हणाली. नलूच्या तोंडून असलं हळवं बोलणं मी क्वचितच ऐकलं. ते तिला किती मोलाचं होतं हे त्या एका वाक्यात कळलं मला.

निवृत्त झाल्यावर नलूने आमच्या मराठी मंडळाचा शनिवारचा प्लेग्रुप हातात घेतला होता. चर्चच्या हॉलमध्ये दोन-तीन तास, लहान मुलं आणि त्यांच्या आया. संक्रांतीला तिथेच सामुदायिक बोरन्हाण. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते : काळे कपडे, हलव्याचे दागिने घातलेल्या छोट्यांना पाटावर बसवायचं, डोक्यावरून चुरमुरे, बोरं, हलवा, गोळ्या ओतायच्या आणि बाकीच्या पोरांनी ते जमिनीवरून झडप घालून वेचायचं. आमच्याकडे बोरांच्या जागी ब्लूबेरी आणि द्राक्षं. द्राक्षंसुद्धा नलू प्रत्येक उभं चिरल्याशिवाय टाकू द्यायची नाही, घशात अडकतात म्हणून. आधी सगळ्यांना रांगेत उभं करून हात धुवायला लावायची, खाली स्वच्छ प्लॅस्टिक अंथरायची आणि "खाली पडलेलं तोंडात घालायचं नाही, पिशवीत भरायचं" अशी दवंडी पिटायची. पोरं ऐकतात होय! अर्धं पिशवीत, अर्धं तोंडात. दोन वर्षांपूर्वीच्या बोरन्हाणात इरा चार वर्षांची होती, चुरमुऱ्यांत लोळण घेत होती. पाटावर बसला होता अर्णव, तीन वर्षांचा. त्याची आई पल्लवी नागपूरची, नवरा ब्रॅकनेलच्या आयटी ऑफिसात. उन्हाळ्यातच आले होते इकडे. पल्लवीला शनिवारचा हा हॉल सोडला तर बोलायला माणूस नव्हतं.

त्याच आठवड्यात पल्लवीने ग्रुपवर मेसेज टाकला. अर्णवची पॉटी साफ करताना तिला दोऱ्यासारखे बारीक पांढरे जंत दिसले होते. त्याला खाज नाही, पोटदुखी नाही, काही नाही, दिसले तेवढेच. फार्मसीतून औषध आणलंय, कृपया आपापल्या मुलांकडे लक्ष द्या. किती सरळ, किती शहाणा मेसेज! त्यावर एकाही आईचं उत्तर आलं नाही. मात्र फोन सुरू झाले. "नुकतेच इंडियातून आलेत ना ते..." आपण सगळे जणू विंडसरच्या राजवाड्यात जन्मलो! "आमच्या मुलाला तर काहीच तक्रार नाही, म्हणजे त्याला नाहीत." "तिने थोडे दिवस न आणलं तर बरं, नाही का?" हे सगळं अतिशय गोड आवाजात. कुणीतरी ते तितक्याच गोड आवाजात पल्लवीच्या कानावर घातलं. ती नलूला फोन करून रडली. "काकू, मी चांगल्यासाठीच लिहिलं होतं ना. माझं घर येऊन बघा तुम्ही, कुठे घाण आहे?" नलूने तिला सांगितलं, की याचा घाणीशी संबंध नाही, या देशातल्या कुठल्याही नर्सरीत हे सर्रास असतं. पण ऐकून समजणं वेगळं आणि चार बायकांनी पाठ फिरवल्यावर सहन करणं वेगळं. पल्लवी म्हणाली, मी आता येणार नाही.

इरा त्या आठवड्यात आजीकडेच होती. नलूने नेहमीसारखं 'बघू या' केलं. हे जंत बघायचे तर सकाळी, मूल अंघोळीला किंवा टॉयलेटला जायच्या आधी. इराला काहीही त्रास नव्हता, गाल टोमॅटोसारखे लाल, भूक राक्षसासारखी. आणि होते. इराला होते. नलूने केतकीला फोन केला, ती कामासाठी फ्रान्सला होती. मी तिथेच बसले होते, फोन स्पीकरवर. केतकी आधी हबकली, मग म्हणाली, "ओके, आम्ही पण औषध घेतो. पण आई, प्लीज, कुणाला सांगू नको. मंडळात तर अजिबात नको. लोक तिला चिडवतील." नलू म्हणाली, "बघते." केतकीला तो शब्द होकारासारखा वाटला असणार. मी नलूचा चेहरा बघत होते, मला तसं वाटलं नाही.

शनिवारी हॉलमध्ये चहाच्या वेळी नलू उभी राहिली. हातात कप तसाच. "थोडं ऐका सगळे," म्हणाली. "आमच्या इराला जंत आहेत." मी तिचा पदर ओढला, "नलू, बस खाली." ती कसली बसते! "इराला काही त्रास नाही. मी जन्मभर हेच काम केलं, माझं घर तुम्ही पाहिलंय, तरी तिला आहेत. आता मला सांगा, कुणाच्या मुलांना काहीच तक्रार नाही? हात वर करा." झाडून सगळ्यांनी हात वर केले. नलूने स्वतःचाही केला. "हा इराचा," म्हणाली. मग शांतपणे सांगितलं, की अंडी पोटात गेल्यावर जंत दिसायला काही आठवडे लागतात. बोरन्हाणाला आठवडाच होतोय, म्हणजे आता जे दिसले ते आधीचेच. इराने ब्रिस्टलहून आणले असतील, आजीकडून घेतले असतील, कुणाला ठाऊक. "आधी कोणाला झाले ते कधीच कळत नाही. आधी कोणी बघितलं, एवढंच कळतं. आणि जिने बघितलं तिलाच आपण गुन्हेगार ठरवतो." पल्लवीचं नाव तिने घेतलं नाही. मग कामाचं : घरातल्या सगळ्यांनी, ज्यांना काही होत नाही त्यांनीसुद्धा, एकाच दिवशी औषध घ्यायचं, दोन वर्षांच्या आतलं मूल किंवा गरोदर बाई असेल तर आधी विचारायचं, नखं कापायची, चादरी-अभ्रे धुवायचे, सकाळी उठल्याबरोबर अंघोळ. एक आजोबा म्हणाले, "नलिनीताई, आम्हीसुद्धा?" "तुम्ही आधी," ती म्हणाली, आणि हॉल हसला. त्या हसण्याने गाठ सुटली. पुढच्या आठवड्यात नलूचा फोन सारखा वाजत होता, सगळ्या दबक्या आवाजात : आमच्याकडेही निघाले हो. पल्लवी परत यायला लागली. मी स्वतः दोन बायकांना तिच्यासाठी खुर्ची सरकवताना पाहिलं.

पण त्याच शनिवारी संध्याकाळी केतकीला कुणीतरी मेसेज केला होता, खाली हसरा चेहरा टाकून : बिच्चारी इरा! रविवारी ती इराला न्यायला आली, तेव्हा मी नलूच्या स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. केतकीने कोटसुद्धा काढला नाही. "मी नको म्हटलं होतं, आई. तरी तू माझ्या मुलीचा नाव सगळ्यांसमोर घेतला." नलू म्हणाली, "केतू, तिला कुणी काही म्हणणार नाही." "तो पॉईंट नाहीये! तू लहानपणीपण हेच केलं. सगळ्यांच्या बेबीजसाठी तुझ्याकडे वेळ, मी टेबलवर बसलेली. तू सगळ्यांचा आई आहेस. आता इरापण तू त्यांनाच देऊन टाकली." तिचं मराठी रागात नेहमीच अडखळतं, पण त्या दिवशी एकेक शब्द बरोबर जागी लागत होता. मी तोंड उघडणार, एवढ्यात नलूने माझ्याकडे असं बघितलं, की मी मेथीत मान घातली. केतकी इराची बॅग घेऊन निघून गेली.

दार लागल्यावर मी नलूवर अक्षरशः ओरडले. "पल्लवीचं सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? एका वाक्यात पोरगी शांत झाली असती!" नलू ओट्याला टेकून उभी होती, डोळे भरलेले. "ते वाक्य पल्लवीचं आहे गं," म्हणाली. "तिच्यावरचं झाकायला मी उठले, आणि माझ्यावर आलं की तिचंच नाव पुढे करू? मग त्या बायकांत आणि माझ्यात फरक काय?" मी म्हटलं, केतकी ब्रिस्टलला राहते, ती कुठे पल्लवीला ओळखते! "आज नाही ओळखत. उद्या मंडळात भेटेल. मला पोर तिच्याकडे त्या नजरेने बघायला नकोय." आणि मला शपथ घातली. पुढे तिने फोन करून केतकीची माफी मागितली, न विचारता सांगितलं म्हणून. सांगितलं म्हणून नाही, तेवढा हट्ट तिने सोडला नाही. केतकी म्हणाली, "इट्स फाइन, आई." या देशात 'फाइन' कसं म्हणतात ते इथल्यांना सांगायला नको.

तुटलं असं काही नाही. दिवाळीला यायची, वाढदिवसाला यायची. पण जेवण झालं की इराला गाडीत बसवून त्याच संध्याकाळी परत. इरा पुन्हा कधी आजीकडे राहिली नाही. आधी 'स्विमिंग आहे', मग 'शाळा सुरू झाली', मग कारण देणंही थांबलं. नलू कधी तक्रार करत नव्हती. विचारलं तर म्हणायची, "बरोबर आहे तिचं." थोड्या वेळाने म्हणायची, "माझंही बरोबर होतं, अलका." दोन्ही खरं होतं, आणि त्यात माझी मैत्रीण वाळत चालली होती. कितीदा वाटलं, शपथ गेली खड्ड्यात, ब्रिस्टलचा नंबर फिरवावा... पण नलूला दिलेला शब्द मोडायची हिंमत माझ्यात कधीच नव्हती.

अंत्यविधीनंतर घर भरलं होतं. पल्लवीही आली, कडेवर आता धाकटी मुलगी, बोट धरून अर्णव. केतकी सगळ्यांना चहा देत होती, यंत्रासारखी. पल्लवी तिच्यासमोर थांबली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही इराच्या आई ना? तुमच्या इराचे उपकार आहेत माझ्यावर." केतकीला काही कळेना. मग पल्लवीने तिथेच, ट्रेच्या अलीकडे उभं राहून, सगळं सांगितलं : तिचा मेसेज, ते फोन, आणि काकूंनी भर हॉलमध्ये आपल्या नातीचं नाव घेतलं ते. "त्यांनी तुम्हाला सांगितलंच असेल," असंही म्हणाली बिचारी. केतकीने ट्रे खाली ठेवला आणि माझ्याकडे वळली. "तुला माहीत होतं?" मी मानेनेच 'हो' म्हटलं. "शी शुड हॅव टोल्ड मी, मावशी! मी ऐकलं असतं. मी काय इतकी वाईट आहे का? दोन वर्षं मी..." डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता, आणि तो रास्त होता. आईवर रागवायला आता आई नव्हती, म्हणून मी तो उभ्या उभ्या ऐकून घेतला.

तेवढ्यात इरा पेंगायला लागली. सहा वर्षांची झाली तरी अशा गर्दीत दमणारच. केतकी तिला घेऊन वर गेली, मी मागोमाग. जिन्याच्या वरची ती बारकी खोली, ज्यात एक पलंग आणि एक खिडकी मावते, ती इराची. दोन वर्षं कुणी झोपलं नव्हतं, मला वाटलं धूळ असेल, कुबट वास असेल. केतकीने दार उघडलं आणि दोघी थबकलो. पलंगावर पिवळ्या फुलांची चादर, इस्त्री केलेली, कोपरे दुमडून आत खोचलेले. उशीचा अभ्रा कोरा करकरीत. खोलीत धुतलेल्या कपड्यांचा वास. "मावशी, हे तू केलंस?" मी नाही म्हटलं. शेजारच्यांनीही केलं नव्हतं, ते वर आलेच नव्हते. मग मला आठवलं : शनिवारी सकाळी फोन केला की नलू म्हणायची, "थांब जरा, चादरी बदलतेय." मला वाटायचं, स्वतःच्या. ज्या पलंगावर कुणी झोपत नव्हतं त्याची चादर ती दर शनिवारी काढत होती, धूत होती, इस्त्री करून पुन्हा घालत होती... कुणी सांगावं, या वेळी केतू म्हणेल, आई, आज राहतो. केतकी कोटासकट त्या पलंगावर बसली आणि मग ती रडली. हॉस्पिटलमध्ये रडली नव्हती, स्मशानात रडली नव्हती. इरा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मम्मा, शूज काढ ना. चादर घाण होईल."

त्या दिवशी त्या दोघी तिथेच झोपल्या. आता केतकी दर शनिवार-रविवार येते, घर आवरते आहे. पुढच्या खोलीतली पुस्तकं गेली, कपाटं रिकामी झाली, भांडी मी घेतली. बारक्या खोलीला हात लावलेला नाही, मायलेकी रात्री तिथेच झोपतात, एका माणसाच्या पलंगावर दोघी. गेल्या रविवारी निघायच्या आधी केतकीने मला फोन केला. आवाज लहान मुलीसारखा. "मावशी, मशीन लावली होती मी. सगळा धुतला. पण ती पिवळी चादर अजून नाही धुतली. आईने घातलेली आहे ना ती. इतके आठवडे झाले... आई ओरडेल ना?"

अख्ख्या इल्फर्डला चादरी धुवायला लावणारी बाई ती. ओरडलीच असती.

"ओरडू दे," मी म्हटलं. "तू नको धुऊस."